सिंधूच्या सोशिकतेला अंत कधी?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा चर्चा रंगली ती तिजोरीत येऊ घातलेल्या सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची. मद्य महागल्याने कोणाचा धंदा बसणार, याचेही हिशेब मांडले गेले. या सगळ्यात एका व्यक्तीचे मत मात्र कोणी विचारले नाही. ती म्हणजे वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या घरात राहणारी त्याची पत्नी.

नवीन पनवेलला खेटून असलेल्या विचुंब्यासारख्या गावात या प्रश्नाचे नवे रूप दिसू शकते. ग्रामपंचायतीचे हे गाव आता 'नैना' क्षेत्रात मोडते. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि ठिकठिकाणची कुटुंबे तेथे राहावयास आली. शेजार नवा, सासर-माहेर दूर. नवरा रोज पितो, हे अशा ठिकाणी एखादीने सांगावे तरी कोणाला? मग कामावर 'ताप आला आहे' असा निरोप जातो, मुलांना 'बाबांना बरे नाही' असे सांगितले जाते आणि गृहकर्जाचा हप्ता मंगळसूत्र गहाण ठेवून भरला जातो. मुंबईच्या लोकलवर जगणाऱ्या कोणत्याही नव्या वस्तीत हे घडू शकते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्यपींचे प्रमाण १३.९ टक्के, तर स्त्रियांत ते ०.४ टक्के आहे. व्यसनी जोडीदाराला सांभाळण्याचे ओझे बहुतांशी पत्नीवरच पडते, ते यामुळे. 'एम्स'ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तर मद्यावलंबी व्यक्तींपैकी ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतात, असे आढळले. उरलेल्या ३७ घरांत उपचार म्हणजे शपथा, अंगारे आणि बाटल्यांची लपवाछपवी.

यातला धोका वैद्यकीय आहे. यकृत वर्षानुवर्षे निमूटपणे झिजते. डोळे पिवळे होणे, पायांवर सूज, पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी ही लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. दुसरीकडे, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एका दिवसात तोडली, तर हातापायांना कंप, भास, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

राम गणेश गडकरींचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडविले. पण त्या अश्रूंबरोबर सोशिकतेचा एक आदर्शही आपण डोक्यावर घेतला. पत्नीने सोसावे, झाकावे आणि तिच्या पुण्याईने पती सुधारावा, अशी ही अपेक्षा. नाटकात सिंधूच्या त्यागाने सुधाकर वाचत नाही, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. झाकण्यातून वाचते ती अब्रू. आजार वाढतच राहतो.

कायद्याने स्त्रियांना मतपेटी दिली. २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. 'आडव्या बाटली'ने अनेक गावांत दुकाने बंदही झाली. पण दुकान बंद झाले, तरी घरात रुग्ण उरतोच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना आजार मानले आहे. रुग्ण स्वतःला वा इतरांना अपाय करण्याच्या स्थितीत असेल, तर ठरावीक वैद्यकीय तपासणीनंतर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. असा प्रतिनिधी नेमलेला नसल्यास नातेवाईकाला ती भूमिका घेता येते. ही तरतूद किती जणींपर्यंत पोहोचली आहे?

डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने पतीच्या उपचाराबरोबर पत्नीलाही आधार हवा, हे ओळखले. तेथील 'सहचरी' गट त्यातूनच उभा राहिला. अमेरिकेत १९५१ पासून कार्यरत असलेल्या 'अल-अनॉन'चेही म्हणणे हेच की, जोडीदाराच्या पिण्याला आपण कारण नाही आणि ते ताब्यात ठेवणे आपल्या हाती नाही. हे उमगलेली स्त्री पतीला टाकते असे नव्हे; ती त्याच्यासाठी खोटे बोलणे थांबवते आणि स्वतःच्या व मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करू लागते.

असे गट पुण्या-मुंबईपुरते का राहावेत? वाढीव महसुलातील छोटासा वाटा खर्चून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा व्यसनोपचाराचा डॉक्टर आणि कुटुंबीयांसाठी समुपदेशक बसविणे शासनाला अवघड नाही. तोवर राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि 'टेलि-मानस' १४४१६ हे क्रमांक सोसायटीच्या फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावता येतील. त्यातला पहिला फोन पिणाऱ्याने केला पाहिजे, अशी अट नाही. तो त्याच्या पत्नीनेही करावा.