शब्दाला हसावे काय?

एखादा मुलगा खेड्यातील शाळा सोडून शहरातील शाळेत दाखल होतो. एक दिवस तो गैरहजर राहतो आणि दुसऱ्या दिवशी कारण सांगताना म्हणतो, "माझी आय आजारी होती." ताबडतोब वर्गात खसखस पिकते. मधल्या सुट्टीत कोणी त्याची नक्कल करतो. आजाराची चौकशी करावयाचे मात्र कोणालाच सुचत नाही. मुलगा मान खाली घालतो आणि पुढे कित्येक दिवस वर्गात तोंड उघडत नाही.

हसणाऱ्या मुलांच्या मनात दुष्टपणा असतोच असे नाही. 'आई' हा शब्द मुळातच सुंदर आणि 'आय' हा मुळातच गावंढळ, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहावयाचे असेल तर 'आय' या एवढ्याशा शब्दाच्या मागोमाग थोडा जगप्रवास केला पाहिजे.

प्रवासाचा आरंभ घरातच होतो. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत 'आय' म्हणजे आई. परंतु जमाखर्चाच्या वहीत 'आय' म्हणजे उत्पन्न. हा दुसरा शब्द संस्कृतातून आला असून, 'येणे' या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. पुढच्याच तासाला इंग्रजीचे पुस्तक उघडले, की 'आय' म्हणजे 'मी' होतो. आणि त्याच उच्चाराचा दुसरा इंग्रजी शब्द 'डोळा' असा अर्थ सांगतो. लिहिताना ते दोन्ही निराळे दिसतात. कानाला मात्र त्यांत काहीच भेद कळत नाही.

तुर्कस्तानात 'आय' म्हणजे चंद्र. त्या देशाच्या ध्वजावर जी चंद्रकोर आहे, तिचे हेच नाव. चंद्रावरून महिने मोजले जात, म्हणून महिन्यालाही तेथे 'आय' म्हणतात. व्हिएतनाममध्ये 'आय' हा प्रश्न आहे. त्याचा अर्थ 'कोण?' पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांच्या मूळ भाषेत, आरंभी घशात किंचित अडखळून उच्चारलेला 'आय' म्हणजे अन्न, आणि खाणेही. ब्राझीलच्या अरण्यात झाडाला उलटा लटकून राहणारा, अतिशय मंद हालचालींचा स्लॉथ नावाचा प्राणी आहे; तुपी भाषेत त्याच्या एका जातीचे नाव 'आइ'. आणि जपानमध्ये 'आइ' म्हणजे प्रेम! या साऱ्या उच्चारांत बारीकसारीक भेद आहेत. परंतु मराठी कानाला ते जवळजवळ एकच वाटतील.

चीनमध्ये तर याहून मोठी गंमत आहे. तेथे शब्द कोणत्या स्वरात उच्चारला यावर त्याचा अर्थ ठरतो. 'आय' हा वरून खाली घसरणाऱ्या स्वरात म्हटला तर 'प्रेम'. उंच व सपाट स्वरात म्हटला तर 'शोक'. स्वर खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर 'ठेंगणा'. कर्करोगाच्या चिनी नावाचा उच्चार पूर्वी 'येन' असा होता. परंतु शरीरातील दाहालाही 'येन'च म्हणत. त्यामुळे रुग्णाला फुफ्फुसाचा साधा दाह झाला आहे की कर्करोग, हे नुसत्या ऐकण्यावरून कळेना. अखेर विसाव्या शतकात कर्करोगाच्या त्या शब्दाचा उच्चार बदलून चढत्या स्वरातील 'आय' असा ठरविण्यात आला. लोकांनी ठरविले आणि शब्द बदलला!

एवढी साम्ये पाहून कोणाला मोह होईल, की जपानी माणसाचे 'प्रेम' आणि मराठी माणसाची 'आई' यांचे काही प्राचीन नाते असावे. कल्पना गोड आहे, परंतु खरी नव्हे. जपानी 'आइ' चीनमधून, तेथील लिपीबरोबर आला. तेवढे नाते खरे. आपल्या शब्दाशी त्याचे साम्य हा केवळ योगायोग होय. माणसाच्या मुखातून सहज निघणारे ध्वनी थोडे आणि नावे ठेवावयाच्या वस्तू असंख्य. त्यामुळे लहान शब्दांची अशी गाठ पडावयाचीच. उलट, खरे नाते पुष्कळदा कानाला ओळखू येत नाही. 'मी' या अर्थाचा इंग्रजी 'आय' आणि 'अहंकार' या शब्दातील संस्कृत 'अहम्' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत; तसेच इंग्रजीतील डोळ्याचा 'आय' आणि संस्कृत 'अक्षि' हेही.

मग शब्दाला अर्थ येतो कोठून? हा प्रश्न आपल्या देशात फार प्राचीन काळी विचारला गेला. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, असे मीमांसकांचे मत होते. नैयायिक म्हणत, की तो संबंध संकेताने, म्हणजे लोकांच्या संमतीने, ठरतो. गौतमांच्या न्यायसूत्रांत यासाठी मोठी मार्मिक युक्ती आहे. वस्तू जर शब्दातच वसत असती, तर 'अन्न' म्हणताच तोंड भरले असते, 'अग्नी' म्हणताच ते भाजले असते आणि 'खड्ग' म्हणताच कापले गेले असते! जगभर भटकून आलेला आपला 'आय' नैयायिकांच्याच बाजूने साक्ष देतो. 'आई' या शब्दात जो गोडवा वाटतो, तो त्या अक्षरांचा नव्हे. त्या हाकेला ओ देणाऱ्या माणसाचा आहे. ती ओ 'आय' या हाकेलाही तितक्याच मायेने मिळते.

यावर कोणी विचारील, "मग प्रमाण भाषा शिकावयाची तरी कशाला?" शंका रास्त आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तुर्कस्तानात उजव्या बाजूने. कोणतीच बाजू मुळात पवित्र नाही. तथापि जेथे जो नियम ठरला तो पाळला नाही, तर अपघात होतो. प्रमाण भाषा हा असाच दूरदूरच्या लोकांनी एकमेकांना समजावे म्हणून केलेला संकेत आहे. तो प्रत्येकाने शिकलाच पाहिजे. परंतु गावाचाही एक संकेत असतो, आणि तो शहराच्या संकेताहून हलका ठरत नाही.

त्या मुलाला वहीत 'आई' लिहावयास शिकविणे हे शाळेचे काम आहे. त्याने घरी गेल्यावर 'आय' म्हणून हाक मारू नये, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि ज्या दिवशी तो आपल्या आजारी आयेविषयी बोलला, त्या दिवशी वर्गाने त्याला एवढेच विचारावयास हवे होते, "आता त्यांना बरे आहे ना?"