श्रोत्याची तार

दूरध्वनी आणि नभोवाणी या दोन माध्यमांचा विचार आपल्याकडे नेहमी वेगवेगळा होत आला आहे. एक खाजगी संभाषणाचे, दुसरे जाहीर निवेदनाचे. एक तारेचे, दुसरे बिनतारी. प्रसारमाध्यमांच्या पाठ्यपुस्तकांतही त्यांची प्रकरणे स्वतंत्र असतात. प्रत्यक्षात सातारा-सांगली भागात आम्ही पाहिलेल्या अनेक घरांत ही दोन्ही माध्यमे एकाच तारेवर नांदत होती. भिंतीवरून गेलेल्या टेलिफोनच्या वायरीला खेटून ट्रान्झिस्टर ठेवायचा, किंवा प्लास्टिकचे आवरण असलेल्या दुसऱ्या वायरीचे पाचसहा वेढे तिच्याभोवती देऊन त्या वायरीचे टोक रेडिओच्या एरियलला लावायचे, की खरखरीत बुडालेले स्टेशन वर येई. १९९०च्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीला हा उद्योग परिचयाचा आहे. घरगुती खटपट म्हणून तो सोडून दिला गेला. आमचे म्हणणे असे की, मराठी नभोवाणी-साहित्याच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी. कारण त्यात श्रोता दिसतो, आणि आपल्या इतिहासलेखनात नेमका तोच दिसत नाही.

प्रथम या खटपटीमागचे शास्त्र थोडक्यात समजून घेऊ. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. आकाशवाणीचे सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्‌झवर ओळखले गेले. त्या लहरीची लांबी सुमारे २४० मीटर होते. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्‌झची लहर सुमारे ३७९ मीटरची. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची वीतभर कांडी असते. जवळच्या केंद्राला ती पुरते, दूरच्या केंद्रापुढे तोकडी पडते. उलट खांबावरून घरात उतरलेली टेलिफोनची तार उघड्यावर दहा-वीस मीटर धावते आणि खांबाखांबांवरून पुढे जात राहते. लहरीच्या एक चतुर्थांश लांबीची तार, म्हणजे सांगलीसाठी साठ मीटर आणि पुण्यासाठी सुमारे पंचाण्णव मीटर, हे चांगल्या एरियलचे जुने माप होय. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी लोक छपरावर दोन काठ्या उभारून तांब्याची तार ताणत किंवा भिंतीवर तांब्याची जाळी लावत. टेलिफोन आला तेव्हा तशीच, किंबहुना त्याहून लांब तार आयती घरात आली.

यातली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. टेलिफोनच्या वायरीत दोन तारा एकमेकींना पीळ घालून असतात आणि संभाषण त्या दोन तारांमधील फरकावर चालते. बाहेरून आलेली नभोवाणीची लहर दोन्ही तारांवर जवळजवळ सारखीच उमटते. त्यामुळे हा फरक बिघडत नाही आणि बोलणाऱ्याला तिची चाहूल सहसा लागत नाही. रेडिओच्या दृष्टीने मात्र त्या दोन तारा मिळून एकच लांब तार होते. संभाषण आणि प्रक्षेपण ही दोन्ही एका वेळी, परस्परांना न अडवता, एकाच धातूवरून जातात. म्हणूनच बिल थकल्यामुळे कापलेला किंवा पावसाळ्यात मुका झालेला फोनही एरियल म्हणून बहुधा निरुपयोगी ठरत नसे. एक्स्चेंजशी नाते तुटले, तरी तार जागच्या जागी होती.

आता या भागाकडे वळू. सांगली जिल्हा १९४९ पासून काही वर्षे 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जात होता. सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९६३ साली. त्यापूर्वी या भागातील श्रोत्याला मराठी ऐकायची तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'ची ५६ गीते दर आठवड्याला प्रसारित झाली. त्यांचे कवी ग. दि. माडगूळकर जन्मले शेटफळ्यात आणि वाढले माणदेशात. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी पुढे पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी दीर्घकाळ काम केले. म्हणजे माणदेशची भाषा पुण्याला गेली, स्टुडिओत शिरली आणि लहरीवरून परत माणदेशाकडे निघाली. हा परतीचा प्रवास आपण गृहीत धरतो. वास्तविक त्याचा शेवटचा टप्पा श्रोत्याला स्वतः पार पाडावा लागत होता. अंतर दीडदोनशे किलोमीटरचे. कोरड्या, खडकाळ जमिनीवर मध्यम लहर ओलसर काळ्या रानापेक्षा लवकर क्षीण होते. रात्री आकाशातून परावर्तित होऊन आलेली परमुलखातली केंद्रे तिच्यावर चढतात. त्या काळात छपरावरची तार आणि नंतरच्या काळात टेलिफोनची तार हे या शेवटच्या टप्प्याचे साधन होते.

आमच्या विषयात याला महत्त्व का द्यावे? हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात साहित्याचा इतिहास वाचकाच्या बाजूने लिहिण्याची मागणी केली. तेव्हापासून 'ग्रहण' ही संज्ञा आपल्याही वर्गांत रुळली. तिच्या शेजारी आपण अभिनवगुप्तांचा सहृदय आणून बसवतो. परंतु हा ग्रहणकर्ता बहुतेक वेळा पुस्तक हाती असलेला वाचक असतो. पुस्तक हाती आले की त्याचे प्रत्येक पान सारखेच स्पष्ट दिसते. श्रुतिकेचे तसे नाही. ती एका श्रोत्याला संपूर्ण मिळते, दुसऱ्याला अर्धी, तिसऱ्याला मधल्या प्रसंगात दुसऱ्या भाषेतल्या बातम्यांसह. त्या गाळलेल्या जागा लेखकाने हेतुपुरस्सर ठेवलेल्या नसतात. त्या हवामानाने, अंतराने आणि एरियलने ठेवलेल्या असतात. संहिता छापून आली तरी तिच्यावरून हे समजत नाही. नभोनाट्याच्या एखाद्या अभ्यासात लेखक, निर्माता, आवाज आणि ध्वनिसंकेत यांचे विवेचन वाचायला मिळते; ऐकणाऱ्याने ते कसे मिळवले याची चौकशी क्वचितच असते. आपला इतिहास प्रक्षेपकाच्या टोकाकडून लिहिला गेला आहे.

हे टोक किती प्रभावी असते, हे ब्रेख्तने १९३२ मध्येच ओळखले होते. रेडिओ श्रोत्याला फक्त ऐकायला लावतो, बोलू देत नाही. त्याचे रूपांतर संवादाच्या साधनात व्हावे, अशी त्याची अपेक्षा होती. त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, बुडापेस्ट शहरात टेलिफोनच्या तारांवरूनच बातम्या आणि संगीत ग्राहकांच्या घरी पोचवणारी सेवा सुरू झाली होती. तिथे तारेचा असा उपयोग व्यवस्थेने ठरवला होता आणि त्याची वर्गणी होती. आमच्याकडच्या घरांत तो श्रोत्याने ठरवला. एकाशी एक बोलण्यासाठी दिलेल्या तारेवर त्याने सर्वांसाठी असलेला आवाज उतरवून घेतला. याने ब्रेख्तची अपेक्षा पुरी होत नाही, श्रोता बोलू लागत नाही. पण ऐकणे ही निष्क्रिय अवस्था असते, हा समज तरी टिकत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असल्या खटपटींचे गोडवे गाण्यात ग्रामीण भागाला मुळात चांगले प्रक्षेपण का मिळाले नाही, हा प्रश्न झाकला जातो. आम्हांला तो मान्य आहे. ही युक्ती धोक्याचीही होती. स्वस्थ असलेल्या टेलिफोनच्या तारेवर साधारण ४८ व्होल्ट असतात, घंटी वाजताना ७५च्या आसपास. तार सोलून थेट जोडणाऱ्याला झटका बसू शकत होता, आणि वळवाच्या पावसात वीज त्याच तारेने घरात येण्याची भीती होती. १८८५च्या तार अधिनियमात तारेशी छेडछाड हा गुन्हा होता, म्हणून तार न सोलता नुसते वेढे देण्याची पद्धतच शहाणपणाची. एवढे करूनही लोक ऐकत होते. टंचाई झाकण्याऐवजी ही खटपट तिचे माप देते: ज्याला इतके करावे लागले, त्याच्यापर्यंत आवाज किती अपुरा पोचत होता.

या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच तारेवरून ब्रॉडबँड आले. एडीएसएलची उतरती वाहिनी १३८ ते ११०४ किलोहर्ट्‌झ एवढा पट्टा वापरते. पुण्याचे ७९२ बरोबर त्याच्या आत पडते. एडीएसएल-२ प्लस हा पट्टा २२०८ पर्यंत नेते आणि सांगलीचे १२५१ही त्यात येते. आवाज पकडणारी तार अशा रीतीने स्वतःच खरखर करू लागली. पुढे मोबाइल आला, फायबर आले, आणि घरोघरची तांब्याची तार निकामी होऊन उतरवली जाऊ लागली. तिच्याबरोबर ती जोडणारे हातही थकत चालले आहेत. गीतरामायण मूळ प्रसारणात ऐकलेले श्रोते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मराठी विभागांनी एम. ए.च्या लघुप्रबंधांसाठी दरवर्षी दोनतीन विद्यार्थ्यांना हा विषय द्यावा. त्यांनी गावोगावी जाऊन वृद्ध श्रोत्यांना विचारावे: काय ऐकत होता, कोणत्या केंद्राचे, कितीजण मिळून, एरियल कशाची होती, आणि काय ऐकायचे राहून गेले. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरे आकाशवाणीच्या कोणत्याही संग्रहात मिळणार नाहीत. ती सांगू शकणारी माणसे अजून आपल्या आसपास आहेत, आणि त्यांच्याकडे जायला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.