रिकामं कार्ड, पुरी किंमत

दुकानातून गेमचा बॉक्स घेतला, तर त्यात गेम असायलाच हवा. निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये स्विच २ आणला आणि हे मुद्दाम सांगायची वेळ आली. त्याच्या बऱ्याच गेमच्या बॉक्समध्ये ‘गेम-की कार्ड’ असतं. दिसायला ते नेहमीच्या कार्डासारखंच. पण त्यात गेम नसतो, तो डाउनलोड करण्याची परवानगी तेवढी असते. पुढेही खेळायचं तर कार्ड कन्सोलमध्ये हवंच.

मूळ कारण पैशाचं. डिस्क साच्यात दाबून काढतात. तिच्यावर डेटा थोडा असो वा भरपूर, खर्च फारसा बदलत नाही. कार्डात सिलिकॉनची चिप असते आणि क्षमतेबरोबर तिची किंमत चढते. निन्टेन्डोचा जुना कन्सोल ‘निन्टेन्डो ६४’ याच हिशेबात मागे पडला. त्याची सर्वांत मोठी कार्ट्रिज, म्हणजे तेव्हाचं कार्ड, ६४ मेगाबाइटची, तर प्लेस्टेशनची सीडी साडेसहाशे मेगाबाइटची आणि कितीतरी स्वस्त. गेम बनवणारी स्क्वेअर कंपनी निन्टेन्डोला सोडून प्लेस्टेशनवाल्या सोनीकडे गेली आणि १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला.

आज डिस्कही वेगात कमी पडते. प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर १०० जीबी मावतात, पण गेम आधी एसएसडीवर उतरवूनच चालतो. तरी तो डिस्कमधून घरात येतो, हे मोलाचं. अर्थात प्रकाशकाने ठरवलं तर डिस्कही रिकामी निघते: २०२२ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’ च्या डिस्कवर जेमतेम सत्तर मेगाबाइट होते. म्हणून कार्ड की डिस्क हा वाद मला दुय्यम वाटतो. पूर्ण गेम ग्राहकाच्या हाती द्यायचा की नाही, हा खरा प्रश्न.

की-कार्डावर आलेल्या ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ च्या एका तंत्रज्ञाने सांगितलं, की त्यांच्या गेमला लागणारा वेग कार्डाला झेपत नव्हता. ही अडचण खरी आहे, मी ती मान्य करतो. पण ‘सायबरपंक २०७७’ सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण आला, कारण त्याच्या निर्मात्यांनी मोठ्या चिपचा खर्च सोसला. साधे, लहान गेमही की-कार्डावर येतात, तेव्हा वेगाची सबब चालत नाही. तिथे चिपचे पैसे वाचवलेले असतात आणि डाउनलोडचा भार आपल्यावर टाकलेला असतो.

याची किंमत पुढच्या पिढीलाही मोजावी लागेल. जपानचं राष्ट्रीय ग्रंथालय गेमही जतन करतं. की-कार्डात आशयच नसल्याने ते आपल्या संग्रहात बसत नाही, अशी त्याची भूमिका आहे. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोच्या वी यू आणि थ्रीडीएस या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानांत खरेदी बंद झाली. थ्रीडीएसची जुनी कार्डं मात्र आजही खोचली की चालतात. की-कार्डाचा सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवसानंतर ते नव्या कन्सोलवर निरुपयोगी ठरेल.

की-कार्ड असेल तर बॉक्सच्या दर्शनी बाजूलाच तशी पट्टी असते. पैसे देण्याआधी ती वाचा, आणि पूर्ण गेम कार्डावर देणाऱ्या प्रकाशकाला आधी पसंती द्या.