जागरणाला काढा नव्हे, दिवसाची लाइट द्या

रात्रभर हळदीला पाणी देणाऱ्या माणसाची रक्तातली साखर वाढली की कुणी हळदीचं दूध सुचवतं, कुणी दारुहळदीचं चूर्ण. वर दाखला चीनचा: तिथल्या हुआंगलियान या कडू मुळीने साखर उतरते.

यातलं खरं ते आधी मान्य करतो. त्या मुळीत आणि आपल्या दारुहळदीत बर्बेरिन हे एकच द्रव्य आहे. 2008 सालच्या एका चिनी चाचणीत, नुकताच मधुमेह निघालेल्या 36 रुग्णांत ते मेटफॉर्मिनच्या तोडीचं ठरलं. पण जागरणाने बिघडलेलं शरीर त्यात कुणी तपासलंच नव्हतं. शिवाय दारुहळद ही काटेरी झुडपाची. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजारात येते ती हळद वेगळी, आणि तिच्यातलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं.

जागरण काय करतं, हे मात्र तपासलेलं आहे. 1999 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. 11 निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं, तर रक्तातली साखर हटण्याचा वेग सुमारे 40 टक्क्यांनी मंदावला. धडधाकट पोरं, आणि आठवडाही झाला नव्हता!

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी चरकसंहिता उघडावी. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ तिथे सांगितले आहेत. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांच्या, कारणांत झोपेचं सुखही मोजलं आहे, हे खरं; पण ते बसून खाणाऱ्याचं लोळणं. मध्यरात्री बॅटरी घेऊन चिखलात दारं धरणाऱ्याला ते लावणं अन्यायाचं आहे.

त्याचं दुखणं लाइटच्या वेळापत्रकात आहे. मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. हळद आठ-नऊ महिने रानात, पाळी चुकवून चालत नाही. एक सरी भरली की दार फोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायचं. डोळा लागला तर बांध फुटतो. ठिबक असलं तरी लाइट गेली-आली की मोटारीपाशी जावंच लागतं. उजाडल्यावर जनावरं, धारा, फवारणी आहेतच. या झोपेची भरपाई कुठल्या पुडीत मिळणार?

दिवसा वीज देण्यासाठीच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, आपला फीडर दिवसा कधीपासून चालणार याची तारीख लेखी मागा. आणि साखर तपासायला गेलात की रात्रीचं पाणी डॉक्टरांना आवर्जून सांगा. चूर्णाच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका.