विचारल्यावांचून बोलणारें घड्याळ

गेल्या पावसाळ्यांतील पालकसभेची गोष्ट. एका विद्यार्थ्याचे वडील मजशीं त्याच्या अभ्यासाविषयीं बोलत होते. मोठे सुशील व नीटनेटके गृहस्थ; इस्त्रीचा पांढरा सदरा, चकचकीत काळे बूट, डाव्या मनगटावर घड्याळ. परंतु बोलतां बोलतां दर मिनिटा-दोन मिनिटांनीं त्यांची दृष्टि मनगटाकडे जाई. मला वाटलें, यांना निघण्याची घाई आहे. मीं बोलणें आवरतें घेतलें, व मुलाच्या बीजगणिताविषयीं जें मुख्य सांगावयाचें होतें तें अर्धेंच राहिलें. पुढें उठतांना त्यांनींच मोठ्या संकोचानें सांगितलें कीं, आपणांस घाई मुळींच नव्हती. घड्याळांत निरोप येत होते. निरोप आला कीं मनगटास बारीक टिचकी बसते, आणि मग डोळे आपोआप तिकडे वळतात.

तेव्हांपासून हा विषय माझ्या मनांत घोळत आहे. घड्याळ, काठी, चष्मा, कोट हीं सद्गृहस्थाच्या पोशाखांतील पिढीजात साधनें. त्यांच्या पोटांत आतां लहानसें गणकयंत्र बसवून तीं बिनतारी मार्गानें दूरच्या यंत्रांशीं जोडण्याची धडपड चालली आहे, व अशा वस्तूस 'स्मार्ट' हें विशेषण लावितात. ही धडपड सर्वस्वी त्याज्य आहे असें म्हणणारांपैकीं मी नाहीं. तथापि जुन्या वस्तूंत नवी विद्या घालावयाची तर ती कोणत्या मर्यादेनें घालावी, याविषयीं माझें एक मत बनलें आहे. तें विद्यार्थिमित्रांपुढें, आणि विशेषेंकरून त्यांच्या पालकांपुढें मांडावें असें वाटतें.

नव्या यंत्रांनीं जुना पोशाख भ्रष्ट होतो, असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. त्यांत फारसा अर्थ नाहीं. ज्याला आपण इंग्रज गृहस्थाचा परंपरागत वेष म्हणतों त्याचा धागा न् धागा केव्हां ना केव्हां नवाच होता. कोटाच्या उजव्या खिशावर शिंपी आणखी एक चिमुकला खिसा ठेवितात. तो आगगाडीच्या तिकिटासाठीं निघाला. पावसाळी कोटाची कथा तर याहून बोधप्रद आहे. ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिन्टॉश या रसायनज्ञानें 1823 सालीं कापडाच्या दोन पदरांमध्यें विरघळविलेल्या रबराचा थर घालून पाणी न शिरणारें कापड करण्याचा हक्क नोंदविला. हे पहिले कोट कसे होते म्हणाल, तर थंडींत लाकडाप्रमाणें ताठ आणि उन्हांत चिकट, व त्यांना वास येई तो निराळाच! पुढें 1840 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत चार्ल्स गुडइअर व इंग्लंडांत टॉमस हॅन्कॉक यांनीं रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची क्रिया सिद्धीस नेली, तेव्हां कोठें हा कोट सभ्य माणसाच्या अंगावर शोभूं लागला. म्हणजे मध्यें वीस वर्षें गेलीं. आजच्या स्मार्ट वस्तु ओबडधोबड दिसतात म्हणून त्यांना हंसणारांनीं ही वीस वर्षें ध्यानांत धरावीं.

मनगटी घड्याळाचेंही तसेंच. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुरुषानें मनगटावर घड्याळ बांधणें हें बायकी समजत. पुरुषाचें घड्याळ जाकिटाच्या खिशांत, साखळीला अडकविलेलें. आपल्याकडेही जुन्या छायाचित्रांत कोट-उपरण्यांतील आजोबांच्या छातीवर ती साखळी दिसते. 1914 ते 1918 च्या महायुद्धांत खंदकांतील शिपायाला एक हात खिशांत घालून वेळ पाहण्याची सवड नव्हती. घड्याळ मनगटावर आलें आणि तेथेंच राहिलें. तेव्हां साखळी गेली म्हणून सभ्यता गेली असें कोणी म्हणूं नये.

मग माझी तक्रार तरी काय आहे? ती समजण्यासाठीं आणखी मागें जावें लागेल. पॅरिस येथें अब्राहम-लुई ब्रेगे नांवाचा विख्यात घड्याळजी होऊन गेला (1747–1823). त्याच्या काळच्या उच्च समाजांत, कोणाच्या घरीं बसलें असतां खिशांतून घड्याळ काढून पाहणें म्हणजे यजमानाला 'तुमचा कंटाळा आला' असें तोंडावर सांगण्यासारखें होतें. या अडचणीवर ब्रेगेनें अठराव्या शतकाच्या अखेरीस एक सुंदर तोड काढली. घड्याळाच्या झांकणावर बाहेरून एक बाणासारखा कांटा, आणि कडेला तासांच्या जागीं बारीक उंचवटे. खिशांत हात घालून बोटांनीं चांचपलें कीं वेळ कळे. समोरच्याला पत्ताही लागत नसे. यंत्रविद्येची ही पराकाष्ठा सर्वस्वी शिष्टाचाराच्या सेवेंत खर्च झालेली आहे, आणि मला तरी तींत मोठें माधुर्य वाटतें.

आतां पाहा, आजचें घड्याळही स्पर्शानेंच बोलतें. 2015 सालीं बाजारांत आलेलें अॅपलचें घड्याळ मनगटाला हलकेंच टिचकी मारून सूचना देतें. आवाज नाहीं, गडबड नाहीं. वरवर पाहतां हा ब्रेगेचाच वारसा. परंतु ब्रेगेचें घड्याळ मालकानें विचारलें म्हणजे उत्तर देई, आणि नव्या घड्याळाला कोणी विचारावें लागत नाहीं. पहिलें मालकाचें चाकर होतें. दुसऱ्याला शंभर मालक आहेत: पेढी, दुकान, कचेरी, मित्रमंडळी, कोणा अपरिचिताची जाहिरात, त्यांतील कोणींही हांक मारावी आणि मनगट थरथरावें. कोणी म्हणेल कीं, निरोप बंद करण्याची सोय त्यांत असते. असते खरी. पण विकत घेतांना ती चालू स्थितींत मिळते, व ती शोधून बंद करण्याचा उद्योग ग्राहकाच्या गळ्यांत पडतो. घरांतील गडी न बोलावतां माजघरांत शिरूं लागला तर आपण त्याला काढून टाकूं. घड्याळाला मात्र आपण किल्ली देत बसतों! (किल्ली हा शब्दही आतां जुनाच झाला, वीज भरावी लागते, आणि तीही बहुतेक रोज.)

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. माझ्या वडिलांचें एच्.एम्.टी.चें 'जनता' घड्याळ मजजवळ आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें 1961 सालीं बंगळूर येथें हा कारखाना निघाला. 2016 सालीं तो घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय झाला. कारखाना मिटला, तरी घड्याळाला तें ठाऊक नाहीं. सकाळीं किल्ली दिली कीं तें चालतें. याच्या उलट दुसरें उदाहरण घ्या. 2017 सालीं लिव्हाइज् व गूगल या दोन कंपन्यांनीं मिळून एक जाकीट काढलें. शहरांत सायकलवर जाणारासाठीं तें होतें. डाव्या अस्तनीच्या काठांत वीजवाहक धागे विणलेले, त्यांवरून हात फिरविला कीं खिशांतील दूरध्वनि गाणें बदली, वाट सांगे. किंमत 350 डॉलर. या योजनेला नांव दिलें होतें 'जॅकार्ड', ज्या फ्रेंच कारागिरानें 1804 सालीं छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं चालणारा माग सिद्ध केला त्याचें. त्याच पुठ्ठ्यांची कल्पना पुढें चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत घेतली. तेव्हां मागापासून निघालेली विद्या दोन शतकांनीं कापडांत परत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु 2023 सालीं त्या जाकिटाचा दूरध्वनीशीं संबंध राखणारी व्यवस्थाच गूगलनें बंद केली. अस्तनी मुकी झाली. कापड फाटलें नव्हतें, टांका उसवला नव्हता. दूरच्या कचेरींत एक निर्णय झाला, एवढेंच.

तरी त्या जाकिटाविषयीं मला एक चांगलें म्हणावेंसें वाटतें: मुकें झालें, पण जाकीट राहिलें. थंडींत अंगावर घालतां येतें. येथेंच मला माझी मर्यादा सांपडली. नवी विद्या जुन्या वस्तूला अशा रीतीनें जोडावी कीं, ती उद्यां नाहींशी झाली तरी वस्तु आपलें मूळचें काम करीत राहील. मोंब्लांनें 2015 सालीं हें ओळखलें होतें. त्यांनीं यंत्र घड्याळांत न घालतां मनगटाच्या पट्ट्यावर बसविलें, म्हणजे पट्टा बदलला कीं घड्याळ पुन्हां निर्मळ. टॅग हॉयर या स्विस कंपनीनें त्याच वर्षीं 1500 डॉलरचें स्मार्ट घड्याळ विकलें, आणि त्याबरोबर वचन दिलें कीं, दोन वर्षांनीं हें परत करून आणखी तितकीच रक्कम भरल्यास चाकांचें खरें घड्याळ मिळेल. विकणारालाच आपल्या मालाच्या आयुष्याची किती खात्री होती, तें यावरून दिसतें.

आतां पालकांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतों. अलीकडे लहान मुलांच्या मनगटावरही असें घड्याळ बांधण्याची चाल पडत आहे. हेतु चांगला, मूल कोठें आहे हें आईला कळावें. परंतु 2017 च्या नोव्हेंबरांत जर्मनीच्या दूरसंचार-नियामक खात्यानें मुलांच्या कांहीं घड्याळांवर बंदी घातली. त्या घड्याळांत अशी युक्ति होती कीं, आईबाप आपल्या दूरध्वनीवरून गुपचूप घड्याळाला हुकूम सोडीत, आणि घड्याळ मुलाच्या आसपासचें सर्व बोलणें त्यांना ऐकवी. मुलालाही कळत नसे, बोलणारालाही नाहीं. पालक वर्गांतील शिक्षकांचें शिकविणें असें चोरून ऐकतात, हें त्या खात्याच्या चौकशींत उघड झालें. खात्यानें पालकांना हीं घड्याळें मोडून टाकण्यास सांगितलें, व शाळांनाही लक्ष ठेवण्याची सूचना केली.

मी शिक्षक आहें, म्हणून हें मला झोंबलें असें कोणी समजेल. माझ्या वर्गांत कोणीही पालकानें उघड येऊन मागच्या बाकावर बसावें. मला आनंदच होईल. परंतु वर्गांत एकटा मीच बोलत नसतों. एखादा मुलगा चुकीचें उत्तर देतो, एखादा रडकुंडीस येऊन घरची अडचण सांगतो, दोघे मित्र भांडतात. तें सर्व तिसऱ्याच घरीं, तिसऱ्याच्या आईबापांना ऐकूं जावें, याला संमति कोणीं दिली? पूर्वीं दाराआड उभें राहून ऐकणाराला समाज नांवें ठेवी. तेंच काम मुलाच्या मनगटाकरवीं केलें तर तें वात्सल्य ठरतें काय?

चष्म्याचाही प्रश्न याच जातीचा. रे-बॅन चष्म्यांत 2021 पासून छायाचित्र घेणारा डोळा बसविलेला मिळतो. चित्र घेतलें जात असतांना एक दिवा लागतो. पण तो इतका बारीक कीं समोरच्याला दिसेल काय, अशी शंका आयर्लंड व इटली येथील अधिकाऱ्यांनीं काढली, आणि 2023 च्या नव्या चष्म्यांत दिवा मोठा करण्यांत आला. सैन्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. धांवणाऱ्यांच्या मार्गांचा नकाशा स्ट्राव्हा कंपनीनें 2017 च्या अखेरीस प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारींत लोकांच्या ध्यानांत आलें कीं, ओसाड मुलखांत उजळलेल्या त्या रेघा म्हणजे लष्करी तळांभोंवतीं रोज धांवणारे शिपाई! त्याच वर्षीं अमेरिकेच्या संरक्षण-खात्यानें मोहिमेवरील सैनिकांना स्थान सांगणारीं साधनें वापरण्यास मनाई केली. आपण कांहीं लष्करी तळावर राहत नाहीं हें खरें. पण मुलगी रोज किती वाजतां कोणत्या रस्त्यानें शिकवणीस जाते, हेंही सर्वांना कळण्यासारखें नव्हे.

इतकें लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. दिल्लीच्या आय्.आय्.टी.नें अंधांच्या पांढऱ्या काठीवर बसविण्याचें एक साधन सिद्ध केलें, तें 2014 पासून मिळूं लागलें. काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण गुडघ्याच्या वरचें कांहीं सांगत नाहीं; उघडी खिडकी, उभ्या ट्रकचा मागचा भाग, लोंबती फांदी कपाळावर आपटते. हें साधन कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी सोडून सुमारें तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतें व मूठ थरथरवून धोका कळवितें. वीज संपली तर? काठी काठीच राहते. तसेंच 2018 पासून कांहीं मनगटी घड्याळें माणूस पडल्याचें ओळखून मदतीची हांक घालतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धास तें देण्यांत मला कांहींच गैर दिसत नाहीं. ज्याच्यासाठीं वस्तु आहे त्याचीच ती सेवा करते, आणि प्रसंग पडल्याविना बोलत नाहीं.

विद्यार्थ्यांना मात्र याची झळ आधींच लागली आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस कोणतेंही मनगटी घड्याळ घालून बसतां येत नाहीं. सुक्याबरोबर ओलेंही जळतें तसें, बोलक्या घड्याळांपायीं बिचारें मुकें घड्याळही दाराबाहेर राहिलें.

त्या गृहस्थांची गांठ पुढच्या सहामाहीच्या सभेंत पुन्हां पडली. खुर्चीवर बसतांना त्यांनीं घड्याळ काढून खिशांत घातलें, व किंचित् हंसले. बीजगणिताचें राहिलेलें सारें बोलणें झालें. मुलगा चिन्हांत चुकतो, पद्धतींत नव्हे, हेंही त्यांना सांगतां आलें. किती वाजले तें आम्हां दोघांनाही शिपायानें घंटा दिली तेव्हांच कळलें.