टीडीएस मीटरचा आकडा नेमका कशाचा?



विज्ञान प्रदर्शनात हल्ली पीव्हीसी पाइपला भोकं पाडून मातीविना वाढवलेला पालक हमखास दिसतो. शेजारी पेनासारखा टीडीएस मीटर ठेवलेला, आणि तक्त्यावर ठळक अक्षरांत असं काहीतरी लिहिलेलं: "टीडीएस ८००, म्हणजे रोपांना भरपूर अन्न." प्रयोग छान असतो, मुलांची मेहनतही खरी असते. पण ते वाक्य बरोबर नाही. माझं मत असं की दोन-तीनशे रुपयांत मिळणारा हा मीटर शाळेत जरूर आणावा, फक्त आकडा वहीत लिहिण्याआधी तो कशाचा आहे हे मुलांना कळलं पाहिजे.

नावावरून वाटतं की पाण्यात विरघळलेले सगळे पदार्थ हा मीटर मोजतो. प्रत्यक्षात त्याच्या टोकाला धातूच्या दोन पिना असतात आणि त्यांच्यामधल्या पाण्यातून वीज किती सहज जाते, एवढंच तो बघतो. म्हणजे मोजतो विद्युतवाहकता, जिला ईसी म्हणतात. मग आत ठरवून दिलेल्या गुणकाने गुणून आपल्याला पीपीएम दाखवतो. आणि गंमत बघा, हा गुणक सगळ्या मीटरांत सारखा नसतो! काहींत ०.५, काहींत ०.७. ईसी १ मिलिसीमेन्स असलेलं एकच द्रावण एका मीटरवर ५०० दिसेल, दुसऱ्यावर ७००. व्हिडिओत कुणी "७०० पीपीएम ठेवा" म्हणालं आणि आपला मीटर ०.५ वाला निघाला, तर ७०० येईपर्यंत आपण खत घालत राहणार आणि द्रावण सांगितल्यापेक्षा ४० टक्के कडक होणार. म्हणून मी मुलांना ईसीच लिहायला लावते. लेट्यूससारख्या नाजूक पाल्याला साधारण ०.८ ते १.२ पुरते, टोमॅटोला २ च्या पुढे लागते.

वर्गात हे समजावायला भाषण नको. तीन ग्लास घ्या, तिन्हीत तेच पाणी. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात चमचाभर साखर, तिसऱ्यात युरियाचे थोडे दाणे. नीट ढवळा आणि मुलांना आधी अंदाज लिहू द्या. मिठाचा आकडा एकदम काहीशेने वर जातो. साखर चमचाभर असूनही आकडा जवळपास तिथेच. आणि युरिया? तोही जवळपास तिथेच! शेतकऱ्यांच्या मुलांचे चेहरे इथे बघण्यासारखे होतात, कारण घरी पिकाला घालतात ते खत मीटरला दिसतच नाही. मीठ पाण्यात विद्युतभारित कणांत फुटतं आणि ते कण वीज वाहून नेतात. साखर आणि युरिया तसे फुटत नाहीत. (युरियाचा ग्लास शिक्षकांनीच हाताळावा, आणि चव कशाचीच घ्यायची नाही हे आधीच बजावावं.)

आता कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत घ्या. शाळांमधून बहुधा हेच वापरतात. पिशवीवरचा मजकूर वाचलात तर दिसेल की त्यातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा युरियाच्या रूपात असतो. तेवढा भाग मीटर मोजत नाही. उलट बोअरचं पाणी आधीच ४०० दाखवत असेल, तर ते ४०० बहुतेक कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि मिठाचे, आपल्या खताचे नव्हेत. म्हणून खत घालण्याआधी साध्या पाण्याचा आकडा लिहून ठेवणं ही पहिली पायरी. मी वर्गात दप्तराचं उदाहरण देते. वजनकाटा दप्तराचं वजन सांगतो. आत वह्या आहेत की दगड, ते दप्तर उघडल्याशिवाय कळत नाही.

मग मीटरचा उपयोग काय? भरपूर आहे, पण रोजच्या बदलासाठी. चौथीची मुलंसुद्धा तीन रकाने भरू शकतात: तारीख, आकडा, पाण्याची पातळी. पातळी उतरली आणि आकडा चढला, तर रोपांनी पाणी जास्त प्यायलंय, साधं पाणी घाला. दोन्ही उतरले, तर खतही वापरलं गेलंय. आकडा ठीक आणि तरी पानं पिवळी, तर मीटर बाजूला ठेवा आणि पानं बघा. आधी खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजनचा संशय घ्यावा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. पाण्याचा पीएच वाढला की लोह द्रावणात असूनही रोपाला घेता येत नाही, आणि पीएच या मीटरला कळत नाही.

पालकांनी हे घरच्या पाण्यालाही लावून बघावं. दारात येऊन मीटर बुडवणारे विक्रेते ६०० चा आकडा दाखवून घाबरवतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. जंतू मात्र या मीटरला अजिबात दिसत नाहीत. ८० टीडीएसचं पाणीही गढूळ विहिरीतलं असू शकतं. मुलाने वर्गात साखरेचा ग्लास पाहिला असेल, तर तेच विक्रेत्याला विचारेल, "काका, पण यात नेमकं काय विरघळलंय?"

एक व्यवहाराची गोष्ट. दोन-तीन आठवड्यांनी द्रावण पूर्ण बदला, कारण आकडा तोच राहिला तरी आत रोपाने न घेतलेले क्षार साठत जातात. जुनं द्रावण गटारात ओतू नका. निम्मं साधं पाणी मिसळून शाळेच्या जास्वंदीला घाला.