पट्टी, पट आणि पत

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव तेथील प्राचीन बारवेमुळे अभ्यासकांना परिचित आहे. मराठवाड्यातील अशा गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा घरोघरी पट्टी गोळा होते. कोणी रोख रक्कम देतो, कोणी धान्य देतो, कोणी एका पंगतीचा भार उचलतो. काला झाला की जमाखर्च गावासमोर मांडला जातो. ज्या वर्षी हिशेब मांडला जात नाही, त्याच्या पुढच्या वर्षी पट्टी आटते. या व्यवहाराला ‘क्राउडफंडिंग’ असे इंग्रजी नाव मिळताच तो जणू अमेरिकेत जन्माला आला, असा आपल्या सुशिक्षितांचा समज झाला आहे.

त्या नव्या नावाने जगात जे घडले, ते मात्र डोळसपणे पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘किकस्टार्टर’ सुरू झाले. निर्मात्याने आपली कल्पना आणि लागणारी रक्कम जाहीर करावी, लोकांनी आगाऊ पैसे द्यावेत. ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम जमली तरच ती निर्मात्याला मिळावी, अन्यथा कोणाचा पैसाही घेतला जाऊ नये, असा त्याचा नियम. या व्यवस्थेचा सर्वाधिक लाभ ज्यांनी उठवला, त्यांत पटावरच्या खेळांचे स्वतंत्र निर्माते अग्रभागी आहेत. २०२० मध्ये ‘फ्रॉस्टहेवन’ या एका खेळासाठी सुमारे १ कोटी २९ लाख डॉलर उभे राहिले. मुंबईत तयार झालेल्या ‘शासन’ या राजकारणावरील खेळानेही २०१९ मध्ये याच मार्गाने जगभरातून ग्राहक मिळवले.

याचे कारण उघड आहे. पट, पत्ते, सोंगट्या, फासे आणि खोका यांची पहिली प्रत फार महाग पडते. शेकड्यांनी छापल्यावरच दर खाली येतो. खेळाची कल्पना तारण ठेवून कर्ज मिळत नाही. अशा वेळी भावी ग्राहक हाच सावकार होतो, आणि तोही बिनव्याजी.

आपल्या दृष्टीने हा विषय केवळ करमणुकीचा नाही. पचिसी आपली, पण १८७४ मध्ये अमेरिकेत ‘पारचिसी’ हे व्यापारचिन्ह नोंदले गेले आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच कुळातील ‘लुडो’चे पेटंट घेतले गेले. परंपरा ज्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटातील सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप परदेशी जाऊन परत आले, ते ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ होऊन. अर्थ गळून पडला, रंगीत पट तेवढा उरला. खेळ आपले, पण त्यांचे निर्माते म्हणून मान आणि मोबदला दुसऱ्यांना! याबद्दल हळहळत बसण्यापेक्षा आपल्या तरुणांनी नवे पट मांडावेत, हे अधिक पुरुषार्थाचे आहे. नामदेवांच्या नरसीपासून औंढ्याच्या नागनाथापर्यंतची वाट, हळदीच्या बाजारातील चढउतार, बारवांचे पाणी, असे कितीतरी विषय हट्ट्याच्या परिसरातच खेळ होण्याची वाट पाहत आहेत.

लोकांच्या पैशातून उभारणी करण्याचे पाठही आपल्याकडे आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्यांनी तिला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी एकनाथजी रानडे यांनी एक रुपयापासून देणग्या घेतल्या. सुमारे तीस लाख सामान्य माणसांचा हात त्या कामाला लागला आणि १९७० मध्ये स्मारक पूर्ण झाले. दोन्ही ठिकाणी आधी संपर्क झाला, मग आवाहन. आधी पत उभी राहिली, मग निधी.

पत गमावली तर काय होते, याचे उदाहरणही याच क्षेत्रातले आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये एका खेळासाठी १,२४६ जणांकडून १ लाख २२ हजारांहून अधिक डॉलर गोळा झाले. पुढे प्रकल्प गुंडाळला गेला आणि पैशाचा बराच भाग निर्मात्याच्या घरखर्चात गेल्याचा आरोप ठेवून २०१५ मध्ये तेथील व्यापार आयोगाने त्याच्यावर कारवाई केली. अशा आवाहनांविरुद्ध त्या आयोगाची ती पहिलीच कारवाई होती.

म्हणून आपल्या तरुण निर्मात्याने क्रम चुकवू नये. प्रथम पुठ्ठ्याचा हाती केलेला पट घेऊन पन्नास घरांत खेळावे आणि जेथे खेळ अडतो तेथे तो दुरुस्त करावा. छापखान्याचा दर लेखी घ्यावा. टपालखर्च, कर आणि फुटतूट धरूनच रक्कम जाहीर करावी. किकस्टार्टरवर भारतीय निर्मात्याला स्वतःच्या नावाने थेट नोंदणी करता येत नाही. पण यूपीआयमुळे हट्ट्यातूनही देशभरातील ग्राहकाकडून दोनशे रुपये घेणे सोपे झाले आहे. वस्तू देण्याच्या बोलीवर आगाऊ पैसे घ्यावेत. नफ्यातील वाट्याचे आमिष दाखवू नये, तो प्रांत सेबीच्या कायद्याचा आहे. आणि विलंब झाला तर तो लपवू नये, दर महिन्याला कळवावा.

कर्तव्य एकट्या निर्मात्याचे नाही. मुलांच्या वाढदिवसाला परदेशी खेळावर हजार रुपये सहज खर्च करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एखाद्या मराठी निर्मात्याचा खेळ आगाऊ नोंदवावा. हे दान नव्हे आणि उपकारही नव्हे. थोडी जोखीम पत्करून केलेली ती खरेदी आहे. देणाऱ्याने विश्वास ठेवावा आणि घेणाऱ्याने हिशेब द्यावा, हा सप्ताहाच्या पट्टीचा नियम या नव्या पटालाही पुरेसा आहे.